दुपारची फेरी

जेवणं आटोपून भांडी विसळली गेली की पोस्टबाईंची चुळबुळ सुरू व्हायची. खुर्चीतून उठायचं, पायांत बूट घालायचे, खांद्याला रिकामी पिशवी अडकवायची आणि दाराशी जाऊन उभं राहायचं. दाराला लेकीनं वरच्या बाजूला एक जास्तीची कडी बसवून घेतली होती. बाईंचा हात तिथपर्यंत पोचायचा, पण ती सरकवायची कशी ते काही केल्या उमगायचं नाही.

"दार उघडा कुणीतरी," त्या म्हणायच्या. "टपाल पडून राहिलंय."

टपाल वाटण्यातच बाईंची उभी हयात गेली होती. एका लहान गावात, पायी, गल्लीबोळांतून. पोस्टातून निवृत्त झाल्या त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. पुढं विसरायला होऊ लागलं. आधी शेगडी बंद करायची राहायची, मग किल्ल्या सापडेनात, मग माणसांची नावं गळायला लागली. एकदा दूध आणायला म्हणून बाहेर पडल्या त्या संध्याकाळी गावाबाहेरच्या पुलावर सापडल्या. तेव्हा लेकीनं काही एक ऐकून न घेता आईवडिलांना शहरातल्या आपल्या घरी आणलं. वडिलांचं गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सगळं गाव त्यांना घड्याळजी म्हणायचं. जावईही तेच म्हणायचा. दुकान भाड्याचं होतं. घड्याळजींनी ते सोडलं, हत्यारांचा डबा तेवढा बरोबर घेतला.

शहरात आल्यावर बाईंचं दुपारचं दार ठोठावणं वाढलं. एकदा लेकीचा डोळा चुकवून त्या निसटल्याच. शेजारच्या इमारतीत खालच्या मजल्यावर पत्रपेट्यांची रांग होती. तिथं उभ्या राहून एकेका पेटीचं झाकण उचलत होत्या आणि आत काही टाकल्यासारखं करत होत्या. तिथल्या पहारेकऱ्याला वाटलं, बाई चोरटी आहे. त्यानं दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. घड्याळजी धापा टाकत पोचले तेव्हा बाई रडत त्याला सांगत होत्या, "अहो, मी पोस्टातली. मला ओळखत नाही का तुम्ही?"

त्या प्रसंगानंतर घड्याळजींनी नकाशाची युक्ती काढली.

दोघांच्या खोलीत जावयाचा एक जुना कॉम्प्युटर होता. कुणाला नको होता आणि टाकवतही नव्हता, म्हणून तिथं येऊन पडलेला. लेकीनं वडिलांना विरंगुळा म्हणून त्यावर नकाशा बघायला शिकवलं होतं. नुसता रेघांचा नकाशा नव्हे. कोपऱ्यात एक इवलासा पिवळा माणूस असायचा. त्याला उचलून रस्त्यावर सोडलं की खरोखरीचा रस्ता समोर उभा राहायचा. घरं, खांब, दुकानांच्या पाट्या, उन्हात झोपलेली कुत्री. बाणावर टिचकी मारली की आपण चार पावलं पुढं. घड्याळजींनी एका दुपारी त्या पिवळ्या माणसाला आपल्या गावच्या पोस्टासमोर सोडलं आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंना हाक मारली.

"अगं, इकडं ये. निघायचं ना टपाल घेऊन?"

बाईंनी बूट घातलेलेच होते. पडद्याकडं बघत राहिल्या. पोस्टाची पिवळट भिंत, बाहेर टेकवलेली सायकल. मग खुर्चीच्या कडेला टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "आज उशीर झालाय. डावीकडनं घ्या."

त्या दिवसापासून रोज दुपारी फेरी निघू लागली. घड्याळजी माउस धरायचे, बाई वाट सांगायच्या. काल कोण जेवायला आलं होतं ते त्यांना आठवत नसे, पण फेरीत एक वळण चुकत नसे.

"पुढं. अजून पुढं. थांबा, निळं दार. हिच्या मुलाचं नोकरीचं पत्र मीच आणलं होतं. माझ्याच गळ्यात पडून रडली, माझी पत्रं सगळी ओली." मग जरा वेळानं, "अहो, किती जोरात! मी पायी आहे, पळायला लावू नका."

एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालताना फोटोत आली होती. पोस्टबाई रोज तिच्याकडं बघून मान हलवायच्या. "ही बघा. मी येते तेव्हा कपडेच वाळत घालत असते. घरात माणसं किती नि कपडे किती!" घड्याळजी रोज हसायचे. हसू खोटं नसायचं. बाई तो विनोद दर खेपेला नव्यानं करायच्या, त्यामुळं त्यालाही ताजेपणा असायचा.

पण घड्याळजींचा जीव अडकलेला असायचा तो शेवटच्या वळणात. शाळेची भिंत संपली की गल्ली उजवीकडं वळायची आणि तिसरं दार त्यांच्या दुकानाचं. नकाशावाल्यांची टपावर कॅमेऱ्याचा खांब लावलेली गाडी गल्लीतनं गेली होती, तो दिवस घड्याळजींना आठवत होता. ते नेहमीसारखे दारात उभे होते. हातात पाण्याचा पेला. बाई फेरी संपवून त्या दारावरून जायच्या, त्याच्या हातचं पाणी पिऊन पुढं; लग्नाआधीपासूनचा तो शिरस्ता होता आणि लग्नानंतरही मोडला नव्हता. नकाशावाले माणसांचे चेहरे पुसून टाकतात, तसा घड्याळजींचाही पुसला होता. मानेच्या वर नुसता धुरकट ठिपका.

"आता तो असेल बघा," वळण यायच्या आधीच बाई म्हणायच्या.

"कोण?"

"घड्याळवाला. त्याला कधी कुणाचं पत्र येत नाही. तरी माझी वेळ झाली की दारात हजर." मग तो दिसायचा. बाई पुढं वाकायच्या. "तोंड पुसलंय मेल्यांनी त्याचं. पण उभं राहायची ढब बघा. एक खांदा पाडून."

"चांगला आहे का तो?"

"भलतंच काय विचारता!" बाई पदराशी चाळा करायच्या. आवाज खाली यायचा. "मला मागणी घालणार आहे. बोलत नाही, पण मला कळतं. तुम्ही सांगू नका हं कुणाला."

"नाही सांगत," घड्याळजी म्हणायचे.

आणि मग ती गोष्ट घडायची, जिच्यासाठी घड्याळजी सकाळपासून दिवस ढकलत. बाई पडद्यावरून नजर काढून शेजारी बसलेल्या माणसाकडं बघायच्या. त्याच्या पडलेल्या खांद्याकडं. कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. "अहो," त्या म्हणायच्या, "कधीचे बसलाय असे? चहा टाकू का?"

चहा घड्याळजीच करायचे. पण तो पिऊन होईपर्यंत समोर त्यांची बायको असायची. लेकीविषयी विचारायची, गुडघ्याची तक्रार करायची, साखर जास्त घातली म्हणून ओरडायची. मग उजेड कलला की हळूहळू विझायची. रात्री निजताना त्या परक्या माणसाकडं पाठ करून, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. घड्याळजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. दिवसातला एक चहा त्यांना पुरत होता.

एके दिवशी नकाशाच्या वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी उमटली. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. काही सुविधा लवकरच बंद होतील.' जुन्या वस्तूंत जन्म काढलेला माणूस. घड्याळजींना ते वाचून हसू आलं. जुनं झालं म्हणून बंद पडतं होय? नीट ठेवलं तर काय वाट्टेल ते चालतं. पट्टीच्या कडेला फुली होती. त्यांनी फुलीवर टिचकी मारली, पट्टी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्याही. घड्याळजी डास हाकलावा तशी ती रोज हाकलत राहिले. लेकीला सांगावं असं त्यांना वाटलं नाही. तिच्यामागं आधीच काय कमी होतं?

आणि मग एका दुपारी बाई बूट घालून, पिशवी घेऊन खुर्चीत बसल्या, घड्याळजींनी नकाशा उघडला, आणि कोपऱ्यात पिवळा माणूस नव्हता.

गाव होतं. रेघांचं, सपाट. गल्ल्यांची नावं होती, पोस्टाची खूण होती. सगळे रस्ते होते. त्यांच्यावर उभं मात्र राहता येत नव्हतं.

"निघायचं ना?" बाई म्हणाल्या.

"हो, हो. एक मिनिट."

घड्याळजींनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. वायर काढून परत खोचली. पंख्याच्या जाळीत फुंकर मारली, हत्यारांच्या डब्यातला ब्रश घेऊन धूळ झाडली. तोवर बाई उठून दाराशी गेल्या होत्या आणि कडीशी झटत होत्या. त्या दुपारी त्या अंधार पडेपर्यंत दार ठोठावत राहिल्या. चहा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तरुण होता, स्वभावानं मऊ. त्यानं बराच वेळ खटाटोप केला.

"काका, मशीन बिघडलेलं नाहीये," तो शेवटी म्हणाला. "ठणठणीत आहे."

"मग?"

"नकाशावाल्यांनी जुन्या ब्राउझरचं ते काम बंद केलं. आणि नवा ब्राउझर हे मशीन घेत नाही. यात मी काय करणार?"

"म्हणजे बिघडलेलं काहीच नाही, आणि तरी चालत नाही?"

"तसंच म्हणा."

 घड्याळजींच्या धंद्यात असला आजार नव्हता. दुरुस्तीवाल्यानं जाताना त्यांना पानाच्या तळाशी एक जागा दाखवली, 'अभिप्राय पाठवा' म्हणून. घड्याळजींनी एका बोटानं टंकून पाठवलं: 'आपल्या नकाशात आमच्या दुकानाचं दार होतं. ते परत दाखवावं ही नम्र विनंती. माझ्या पत्नीसाठी हवं आहे.' उत्तर लगेच आलं. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो, कृपया आपला ब्राउझर अद्ययावत करा.

अखेर लेकीला सांगावं लागलं. ती चिडली नाही. संध्याकाळी कामावरून आली ती आपला नवा लॅपटॉप घेऊन वडिलांच्या खोलीत आली. "एवढंच ना? तुम्ही आधी का नाही बोललात, बाबा? उद्यापासून मी हा घरी ठेवत जाईन." तिनं नकाशा उघडला. कोपऱ्यात पिवळा माणूस होता. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला.

"आई, ये. जायचं ना फेरीला?"

बाई आल्या, बसल्या. लेकीनं पिवळ्या माणसाला पोस्टासमोर सोडलं. पडदा उजळला. पोस्टाची पिवळट भिंत नव्हती. तिथं काचेचं मोबाइलचं दुकान होतं. समोरून रुंद, काळाभोर, मधोमध दुभाजक घातलेला रस्ता गेला होता.

"ही कुठली जागा?" बाई म्हणाल्या.

"आई, आपलंच गाव. नवीन फोटो आहेत हे, त्या मशीनवर जुनेच दिसत असणार. थांब, पुढं जाऊ."

पुढं शाळेची भिंत नव्हती, त्यामुळं वळणही नव्हतं. निळं दार, गच्चीवरची बाई, सगळं रस्त्यात गेलं होतं. घड्याळजींच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग काय तो उरला होता, त्यात औषधांचं दुकान थाटलं होतं. दारात कुणी उभं नव्हतं.

"तुम्ही रस्ता चुकलात," बाई म्हणाल्या. मग आवाज चढला. "कुठं आणलंत मला? माझ्याकडं लोकांची पत्रं आहेत! मला परत न्या!" त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या. लेकीनं घाईघाईनं लॅपटॉप मिटला.

बाईंना निजवून ती परत आली आणि पुन्हा शोधत बसली. जुन्या वर्षांचे फोटो बघायची सोय नव्या नकाशात होती. मोठ्या रस्त्याचे जुने फोटो निघालेही. पण गल्लीवर गेलं की ती सोय नाहीशी व्हायची.

"गल्लीचे काढून टाकलेत वाटतं," ती म्हणाली. "नाहीतर असतील कुठंतरी, आपल्याला दाखवत नाहीत." मग वडिलांकडं वळून, "बाबा, रोज बघत होतात ना? एकदा त्याचा फोटो नाही का काढून ठेवायचा? नुसतं एक बटण दाबायचं होतं."

"रोज दिसत होतं ते," घड्याळजी म्हणाले. "रोज दिसणाऱ्या गोष्टीचा कोण फोटो काढतं?"

लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटलं असावं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बाई दुपारी दार ठोठावायच्या, संध्याकाळी थकून तिथंच जमिनीवर बसायच्या. घड्याळजी समोर आले की अंग चोरायच्या. शेवटी घड्याळजींनीच लेकीपाशी विषय काढला.

"तिला गावाला घेऊन जाऊ."

"बाबा, तुम्ही फोटो बघितलेत ना? काय उरलंय तिथं?"

"मी उरलोय की," घड्याळजी म्हणाले. "मी तिथं उभा राहतो. जसा राहायचो तसा. तू तिला घेऊन ये. रस्ता नाही ओळखला तर नाही. मला ओळखेल."

लेकीनं वडिलांच्या तोंडाकडं बघितलं आणि सुटी काढली.

गाडीत बाई खुशीत होत्या. खिडकीतून बघत होत्या, मधूनच गुणगुणत होत्या. गावात शिरल्यावरही त्यांनी काही ओळखल्यासारखं केलं नाही. लेकीनं गाडी लांबच लावली. घड्याळजी उतरून पुढं गेले. आपल्या दुकानाचं दार नेमकं कुठं होतं ते शोधायला त्यांना जरा वेळ लागला. ते पदपथाच्या कडेला, लोखंडी कठड्याजवळ आलं होतं. औषधाच्या दुकानातून त्यांनी एक पेला पाणी मागून घेतलं. दुकानदारीण म्हणाली, "बसा ना आजोबा, आत सावली आहे." ते नको म्हणाले. कठड्याशी जाऊन उभे राहिले. एक खांदा आपोआपच पडला.

गाड्यांचा गलका चालला होता. त्या गलक्यातून लेक आणि बाई येताना दिसल्या. बाईंच्या खांद्याला पिशवी होती, चाल अजून तीच होती, जरा पुढं झुकलेली. घड्याळजींनी पेला दोन्ही हातांनी धरला. बाई जवळ आल्या. थांबल्या.

घड्याळजींनी पेला पुढं केला. बाईंनी तो घेतला. सगळं पाणी पिऊन टाकलं, पदरानं ओठ टिपले. 

"इथं एक घड्याळाचं दुकान होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असेल."

"होतं. इथंच होतं."

"तिथला माणूस कुठं गेला?"

"अगं, मीच तो." घड्याळजी जरा पुढं झाले. "बघ ना माझ्याकडं. मीच."

बाईंनी बघितलं. नीट, वेळ घेऊन, पत्त्यातलं पुसट अक्षर लावावं तसं. पांढरे केस, सुरकुत्या, पाणावलेले डोळे. मग त्या एक पाऊल मागं सरकल्या आणि लेकीचा दंड धरला.

"नाही," त्या हलकेच म्हणाल्या, लेकीला. "हा नाही तो." आणि मग, समोरच्या म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून की काय, अदबीनं म्हणाल्या, "तो आला तर सांगाल का त्याला? म्हणावं, पोस्टबाई येऊन गेल्या."

"सांगतो," घड्याळजी म्हणाले.

गाडी परत निघाली. मागच्या आसनावर बाई पिशवीवर डोकं टेकून झोपी गेल्या. लेक गाडी चालवताना मधूनमधून डोळे पुसत होती. पुढं बसलेल्या घड्याळजींनी तो पेला बरोबर आणला होता. परत द्यायचा राहून गेला, हे त्यांना अर्ध्या वाटेत कळलं.

त्यानंतर बाईंनी दार ठोठावणं सोडलं. दुपारी बूट मागत नाहीत, पिशवी शोधत नाहीत. खिडकीपाशी बसून असतात. तपासायला आलेली डॉक्टरीण म्हणाली, चांगलं आहे, शांत झाल्या. जावयानं वरची कडी काढून टाकली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि घड्याळजींनी तसं वाटून घेण्याचा प्रयत्न केला. पण कधीकधी घर अगदी निवांत असलं की ते दाराकडं बघत बसतात. ती ठोठावत होती तोवर तिला कुठंतरी जायचं होतं.

जेवण ते स्वतः भरवतात. लेकीला हात लावू देत नाहीत. परवा सूप भरवताना बाईंनी चमचा थांबवला आणि त्यांच्याकडं बघितलं.

"तुम्ही फार करता हो माझं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

घड्याळजींनी रुमालानं त्यांची हनुवटी पुसली.

"बायको आहे."

"काय करते?"

"पोस्टात होती."

"अगंबाई!" बाईंना ते ऐकून खरंच वाईट वाटलं. "मग पायी पायी हिंडावं लागत असेल. पाय दुखत असतील तिचे."

"आता नाही दुखत," घड्याळजी म्हणाले. "आता घरीच असते."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.